कपाशीत होते, तर जनावरात काहून नाही?

मंडळी, आज दुपारी अमरावतीत माझ्या नातीचं व्याख्यान झालं. ती प्राण्यांच्या जनुकांवर संशोधन करते. माझी कॉलेजची मैत्रीण कमल ऐकायला खास अकोल्याहून आली होती.

नात म्हणाली, "कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या माशांसारख्या पूर्वजांत अख्खा जनुकसंचच दुप्पट झाला. कित्येक जनुकांची एक प्रत जुनं काम करत राहिली, दुसरी नवं काम करायला मोकळी झाली."

कमलने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

साठच्या दशकात आम्ही दोघी इथेच बी.एस्सी.ला होतो. देशी कपाशीपेक्षा अमेरिकन कपाशीत गुणसूत्रं, म्हणजे जनुकंही, दुप्पट असतात, असं सर शिकवत होते. कमल बार्शीटाकळीकडच्या कास्तकाराची मुलगी. ती उठून म्हणाली, "सर, कपाशीत होते, तर जनावरात काहून नाही?"

मागून कोणीतरी "दुप्पट बैल!" म्हणालं आणि वर्ग हसत सुटला. सर म्हणाले, "प्राण्यांत गुणसूत्रं दुप्पट झाली, तर नर-मादी ठरण्याचं गणितच बिघडेल." त्यानंतर कमलने वर्गात प्रश्न विचारणंच सोडलं.

आज मात्र व्याख्यान संपताच ती उभी राहिली. "पोरी, कोन्त्या प्रतीनं जुनं काम करायचं न् कोन्तीनं नवं, हे ठरवते कोन?"

नात हसली. "आजी, तेच तर आमी शोधून राहिलो!"

नंतर विद्यार्थ्यांनी कमलला असा गराडा घातला की मी तिचा चहा धरून उभीच! कमलबाईंना प्यायला वेळ कुठे होता?

तुमच्या कोणत्या प्रश्नावर वर्ग हसला होता? सांगा ना.