भिंगरीच्या दंडावरचा बाण

…आणि शेवटी वकीलसाहेबांच्या कोटावरचा तो शाईचा डाग आमच्या सूनबाईनं काढलाच! वकील कोट उलटासुलटा करून बघतायत, आणि ही आपली पुढच्या सदऱ्याला इस्त्री लावून मोकळी. सूनबाईची लाँड्री आहे. डाग दिसला की हिचा हात शिवशिवतो. पाहुण्याच्या कॉलरवरसुद्धा नजर आधी जाते, चेहऱ्यावर मागाहून.

तर त्याच हातानं दवाखान्यात काय घोटाळा केला, ते ऐका.

आमची नात भिंगरी, वय वर्षं चार, इस्त्रीच्या टेबलावरून उडी मारायला गेली आणि कोपराशी हाड मोडून बसली. डॉक्टरबाईंनी अर्धं प्लास्टर बांधलं आणि म्हणाल्या, "हाड सरकलंय. उद्याच तारा घालून बसवू. सूज वाढतेय, थांबण्यात अर्थ नाही."

दुसऱ्या दिवशी सूनबाई औषधं आणायला खाली गेलेली, मी चहाला. परत येऊन बघतो, तर ती पोरीचा दंड चोळतेय. प्लास्टरच्या वर, खांद्याखाली, हा एवढा जांभळा बाण!

"हे कुणी केलं गं?" सूनबाईनं विचारलं.

"मी नाही!" भिंगरी म्हणाली.

आता घरी कपड्यांवर खुणा करायचं पेन पळवून स्वतःला मिशा काढणारी पोर ही. तिचं "मी नाही" म्हणजे कबुलीच. सूनबाईनं खाटेला अडकवलेल्या बाटलीतलं हात चोळायचं औषध रुमालावर घेतलं, कारण शाईला नुसतं पाणी पुरत नाही, आणि कडेकडून आत पुसत दंड असा लख्ख केला की बाण होता हे सांगून खरं वाटू नये. "ऑपरेशनला जाताना पोर स्वच्छ नको का, बाबा?" मला म्हणाली. मी म्हटलं, "हवीच."

थोड्या वेळानं सिस्टर न्यायला आल्या. दंड बघितला, दुसरा बघितला. "बाण कुठाय?"

"कसला बाण?" मी म्हटलं, आणि उगाच खाटेखाली वाकून पाहिलं. काय शोधतोय ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

"डॉक्टरबाईंनी काढलेला. कोणता हात, त्याची खूण."

सूनबाईचा चेहरा पांढराफटक. "अहो, पण हात प्लास्टरमध्ये आहे. दिसतोय की!"

"मलाही दिसतोय, ताई. पण खुणेशिवाय आत घेत नाहीत. आणि डॉक्टरबाई आता दुसऱ्या ऑपरेशनला उभ्या राहिल्यात."

झालं! पोर सकाळपासून उपाशी, बोटं सुजून भज्यासारखी झालेली, आणि आज राहिलं तर उद्या हाड बसेल की नाही, कुणी सांगेना. लेकाचा फोन आला, "झालं का, बाबा?" मी म्हटलं, "झालं." "काय झालं?" म्हणाला. मी फोन सूनबाईकडे दिला, तिनं सिस्टरकडे, सिस्टरनी परत माझ्याकडे.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा आम्ही तिघं तीन गोष्टी सांगत होतो. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि नातीला विचारलं, "भिंगरी, कोणता हात गं?"

भिंगरीनं ऐटीत धडका हात वर केला.

"अगं तो नाही!" सूनबाई जी किंचाळली, पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले.

"मोडका वर होत नाही," भिंगरी म्हणाली. अगदी समजूत घालायच्या सुरात.

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. आईकडून आणि सिस्टरकडून कोणता हात ते वदवून घेतलं, एक्स-रे पुन्हा पाहिला, आणि आधीच्या दुप्पट बाण काढला. भिंगरीला आत नेलं, आणि ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद होऊन पुन्हा उघडेपर्यंत सूनबाई रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. मला तर आत कोण गेलंय तेसुद्धा मधेच आठवेना.

हाड नीट बसलं. भिंगरी गुंगीत, कोपरात तारा, हाताला नवं प्लास्टर, आणि वर तो बाण तसाच.

"आता खुशाल पुसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याचं काम झालं."

सूनबाईनं रुमाल पदराआड लपवला आणि म्हणाली, "नको डॉक्टरबाई, तुम्हीच पुसा. डाग कुठला नि खूण कुठली, मला आज काही कळेनासं झालंय."