पै. नईम, जाड टाइपात

नईमभाईंचं म्हणणं एकच, माणसाचं नाव जाड टाइपात छापलं की त्याला वजन येतं. मंगळवार पेठेतल्या प्रेसमध्ये चाळीस वर्षं ते अक्षरं जुळवत आले, आधी शिशाचे खिळे, मग संगणक. पण माया एकाच टाइपावर. दांडे जाड, वळणं बारीक, टोकं बोरूनं कापल्यासारखी. कुस्त्यांचं मैदान असो नाहीतर श्रद्धांजली, नाव त्याच टाइपात. लग्नपत्रिकेला मात्र तो द्यायचे नाहीत. "नवरीच्या डोक्यावर धोंडा ठेवायचा हाय व्हय?" म्हणायचे.

मी तिथं प्रुफं तपासतो. खरं सांगतो, हा माणूस मला कधी आवडला नाही. हट्टी, तोंडाचा फटकळ. मुलगी मुबशिरा हिनं आपल्या मनानं लग्न केलं, तर भर गल्लीत "तू मेलीस आमाला" म्हणून तिला हाकललं. ती इचलकरंजीला गेली. नऊ वर्षांत एक फोन नाही. अलीकडे तिच्या आठवणीनं त्यांना जेवण जाईना, पण आपण होऊन फोन करतील तर ते नईमभाई कसले!

गेल्या वर्षी तालमीनं जुन्या पैलवानांचे सत्कार ठरवले. नईमभाईंनी तरुणपणी चार मैदानं मारली होती. आपला फलक त्यांनी स्वतःच जुळवला. पांढऱ्यावर काळं, मध्ये फोटो, खाली त्या लाडक्या टाइपात 'पै. नईम मुल्लाणी'. सत्काराची ओळ पार तळाला, बारीक.

"पोरीला कोण तरी दावंलच की," मला म्हणाले. "बापाचं नाव बघून यील."

कोल्हापुरात पै. म्हणजे पैलवान. पण आपण कै. लावतो तसं मयत मुसलमानाच्या नावाआधीही पै.च लागतं, पैगंबरवासी. त्यात टाइप श्रद्धांजलीचा. प्रूफ हातात येताच माझ्या ते ध्यानात आलं. बोलायला हवं होतं. पण म्हटलं, होऊ दे म्हाताऱ्याची जरा फजिती. सही ठोकली.

फलक चौकात लागला. कुणीतरी फोटो आणि नाव तेवढं कापून मोबाइलवर स्टेटस ठेवलं. दुपारी मुबशिरा रडत प्रेसमध्ये आली. घराला कुलूप होतं म्हणे. माझा हात धरून विचारायला लागली, "माती दिली व्हय हो काका?"

मी काही बोलायच्या आत नईमभाई आतून बाहेर आले. तिला बघून लहान पोरासारखे हसले. "आलीस व्हय!"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग पदरानं तोंड पुसलं.

"इचलकरंजीपासनं एसटीत रडत आले, आब्बा. तुमच्या नावानं जेवढं रडायचं हुतं तेवढं रडून झालं. आता खरंच मेलासा तर कळवू नगा."

आली तशी गेली. नईमभाई तिच्यामागं दारापर्यंत गेले. मग माझ्याकडे वळले.

"प्रूफ तू वाचलंवतंस न्हवं? काय चुकलं रं?"

"काही नाही," मी म्हटलं. "शुद्धलेखन बरोबर होतं."