फुल्लाचा कच्चा रंग

आमच्या ह्यांना एक वाईट खोड. समोरच्याच्या अंगावर नवं कापड दिसलं की बोट जिभेला लावायचं आणि त्याच्या बाहीवर घासायचं. बोटाला रंग लागला की "कच्चा!" म्हणून मोकळे. आमच्या लग्नात पाद्र्यासमोर माझ्या बाहीवरसुद्धा घासलं होतं, आता काय बोलायचं!

पण नाईलकाठच्या आमच्या आस्वानात ह्यांच्या, म्हणजे उस्ता (उस्ताद) जाद रंगाऱ्याच्या, कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. बायका म्हणायच्या, "जादचा रंग नवऱ्यापेक्षा जास्त टिकतो."

इंग्रजांच्या पलटणी सुदानच्या लढाईला निघाल्या त्या साली आमच्या बाजारात रंगांची जत्राच भरली. लाल डगलेवाले शिपाई. कुणाची कॉलर पिवळी, कुणाची निळी, कुणाची हिरवी, आणि त्यावरून पलटण ओळखायची. एक पलटण तर चक्क चौकटीचे घागरे घालून आली. मी हसून हसून दारातच बसले. हे मात्र गंभीर. सरळ गेले आणि एका लाल डगल्यावर बोट घासलं! शिपायानं बंदूक सरसावली. हे आपलं बोट निरखत म्हणतात, "पक्का आहे. शाबास!"

मग फुल्ला गेली. फुल्ला म्हणजे मोगरा. आमची पांढरीशुभ्र गाढवी. तिची आई मेली तेव्हा ह्यांनी दुधात चिंधी बुडवून तिला जगवली होती. सैन्याच्या पखाली वाहायला कॅप्टन हॅलमनं गावातली सगळी गाढवं ओढून नेली. हे अगदी पाया पडले. कॅप्टनचा दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, लढाई संपली की परत मिळेल." सुदानला गेलेलं गाढव परत आल्याचं कुणी ऐकलंय? ह्यांनी दोन दिवस मसुराच्या कालवणाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी कॅप्टन आमच्याच दारात. म्हणे, शिपायांच्या पांढऱ्या टोप्या वाळवंटात लांबून दिसतात, वैरी नेम धरतो. सगळ्या मातकट रंगवा. आणि पांढरी गाढवंसुद्धा. तांड्यात पांढरं काही चालणार नाही.

"मग साहेबाच्या मिशाही रंगवायला द्या म्हणावं," मी म्हटलं, "त्याही पिकल्यात!"

"गप गं!" हे म्हणाले. पण दोन दिवसांत पहिल्यांदाच ह्यांनी भाकरी मागितली.

बाभळीच्या शेंगांचा काढा, वर तुरटी. तुरटीशिवाय रंग धरत नाही, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. टोप्या झाल्या, बावीस गाढवं झाली. फुल्लाला सगळ्यांत शेवटी घेतली, कुणाला हातही लावू दिला नाही. तिचं नाक कुरवाळत रंगवत होते. ते बघून मलाच रडू आलं.

निघायच्या दिवशी जनावरं नाईलवर पाण्याला नेली. बाकीची काठावर प्याली. फुल्ला रोज आमची कापडं घेऊन पोटापर्यंत पाण्यात उतरणारी. ती थेट आत घुसली आणि मनसोक्त लोळली. बाहेर आली तो पुन्हा मोगरा!

कॅप्टन संतापानं लालेलाल. "हाकला हिला! पांढरं जनावर तांड्यात नको!" आणि सगळ्या बाजारादेखत दुभाष्यानं ह्यांना सुनावलं, "साहेब म्हणतात, तुझा रंग कच्चा!" लोक खो खो हसले. हे मान खाली घालून फुल्लाला घरी घेऊन आले. मीही कुठं सोडलं? "गाढवी मिळाली, पण बापाचं नाव घालवलंत!" हे आपले फुल्लाचं अंग पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा झगा धुवायला घेतला, तर खिशात तुरटीचा खडा. एका गाढवाला लागतो तेवढाच. माझे हात पाण्यातच राहिले. मेल्या माणसानं जन्मात एकदाच कच्चा रंग लावला, तोही जाणूनबुजून, आणि मला पत्ता लागू दिला नाही!

मीही गप्प बसले. सैन्याला फसवलं हे कळलं असतं तर पाठीवर चाबूकच बसले असते. वर्षभर बायका नदीवर मला टोचायच्या, "जादच्या रंगाला नाईल दाखवू नका गं, पळून जातो!" ह्यांनी तर बोट घासायचंच सोडून दिलं. समोरून नवा झगा गेला तरी बघायचे नाहीत. ते मात्र माझ्यानं बघवेना.

पुढच्या उन्हाळ्यात पलटणी परतल्या. लाल डगले गुलाबी झालेले, कुठली कॉलर पिवळी नि कुठली हिरवी, काही कळेना. कॅप्टन वाळून काटकी झालेला. भर बाजारात त्यानं आपली टोपी ह्यांच्यापुढं धरली. दुभाष्या म्हणाला, "साहेब म्हणतात, ऊन, घाम, धूळ सोसून हा रंग जसाच्या तसा आहे. मग त्या गाढवीचाच कसा गेला?"

सगळा बाजार कान टवकारून उभा. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी डोक्यावरची ओढणी सावरली आणि पुढं झाले.

"त्या दिवशी शेवटच्या भांड्यात तुरटी घालायचं काम माझं होतं, साहेब. शेजारणीशी बोलत बसले आणि विसरले."

कॅप्टन आधी दुभाष्याकडं बघत राहिला, मग मिशांतल्या मिशांत हसला. बाजारातून कुणीतरी ओरडलं, "तरीच! उस्ता जादचा रंग आणि उतरेल?" आणि सगळे मला हसले. आजही हसतात, खुशाल हसू देत.

हे माझ्याकडं बघत राहिले. मग बोट जिभेला लावलं आणि सगळ्यांदेखत माझ्या बाहीवर घासलं.

"पक्का," म्हणाले.

माझा झगा ह्यांनीच रंगवलेला होता म्हणा.