टाकीतलं रॉकेल

पनवेलला माझं गॅरेज आहे. माझ्या हाताला यश आहे असं लोक म्हणतात, आणि मला त्याची भलतीच घमेंड होती. गाडी नवी असो की जुनी, टाकीत दोन-तीन लिटर रॉकेल ओतलं की इंजिन आतून साफ राहतं, हे माझ्या उस्तादांचं औषध. पार्ट धुवायला रॉकेलचा कॅन गॅरेजात असायचाच. गिऱ्हाइकाला विचारायची गरज मला कधी वाटली नाही. मी सांगणार आणि ते ऐकणार!

करंज्याच्या एका मासळीवालीने नवा पिकअप घेतला होता. तिथल्या धक्क्यावर लिलावात मासळी घ्यायची आणि पनवेलच्या बाजारात आणायची, नवरा गेल्यापासून हाच तिचा धंदा. गाडीवर ड्रायव्हर तिचा धाकटा दीर. दर सोमवारी तो गाडी ग्रीसिंगला आणायचा आणि मी टाकीला माझं औषध पाजायचो. वर्षभर हे चाललं.

मग गाडीचा दम जायला लागला. समोर पिवळा दिवा पेटला तो विझेना, साधा चढ चढेना. मी दोनदा फिल्टर बदलले, पण छे. शेवटी मासळीवाली दिराला घेऊन कंपनीच्या वर्कशॉपला निघाली. "मिस्त्री, तुमी पण चला. आमाला ते काय पण सांगतील," म्हणाली.

तिथल्या इंजिनीअर बाईंनी सायलेन्सर खोलून दाखवला. आत धूर साफ करणारी जाळी असते, तिच्यावर एक लेप असतो, आणि गंधक म्हणजे त्या लेपाला विष. म्हणून तर या गाड्यांना अगदी कमी गंधकाचं डिझेल लागतं. रॉकेलात ते कितीतरी जास्त.

"यात रॉकेल जातंय, बऱ्याच दिवसांपासून. जाळी कामातून गेली," बाई म्हणाल्या.

मासळीवाली सरळ दिराकडे वळली.

"काय रे, डिझेल विकून रॉकेल भरतोस? माझ्या गाडीत?"

"नाय वैनी, आईशपथ नाय!"

तो माझ्याकडे बघत राहिला. तीही बघायला लागली. "मिस्त्री, तुमीच सांगा."

मी काय सांगावं? "हल्ली ड्रायव्हर लोक करतात असं." बस्स. त्याचं नावसुद्धा घेतलं नाही, इतका मी सज्जन! तिने चार लोकांसमोर त्याला चोर म्हटलं आणि हातातली चावी काढून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी रॉकेल ओतणं बंद केलं, तेही गुपचूप. करंज्याला जायला मात्र पाय उचलेना. दोन महिने मी स्वतःची लाज काढत बसलो, आणि लाजेने कुणाचं भलं होत नाही. शेवटी एका सकाळी तिच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. तिने एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"तो धक्क्यावर हाय," एवढंच म्हणाली. "जाऊन त्याला सांगा."

तो दुसऱ्याच्या बोटीवर बर्फ चढवत होता. मी कसंबसं बोललो. त्याने पाटी खाली ठेवली.

"मला ठाऊक हाय, मिस्त्री. टाकीचं झाकण मीच तर उघडून द्यायचो."

"अरे बाबा, मग तिथे बोलला का नाहीस?"

"वैनीनं तुमाला विचारलं होतं ना. मला वाटलं, तुमी सांगाल."