ओवशाच्या दिवशीच्या उड्या

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. तुला सांगते — पण मध्ये बोलू नकोस, नाहीतर पुन्हा राहून जाईल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. लग्नानंतरची माझी पहिली चतुर्थी, सासरी आचऱ्याला. बोटीवर नोकरीला असलेला धाकटा दीर हातात मावेल एवढा बॅटरीवरचा खेळ घेऊन आला होता. काचेत चिमुकला काळा माणूस — त्याने शिड्या चढायच्या, वरून घरंगळत येणाऱ्या पिंपांवरून उड्या मारायच्या. सगळे त्या माणसाकडे बघत आणि मरत. मी पिंपांकडे बघायचे! टिक-टिक चालायची, त्या ठेक्यावर बटण दाबायचं. जिला फुगडी कळते तिला यात काय कठीण? पण मिळायचा कधी? दोन उड्या झाल्या की कुणीतरी हातातून ओढून घ्यायचं, नाहीतर चुलीकडून हाक. आणि गौरी गेल्या की दीर बोटीवर, खेळही त्याच्याबरोबर.

त्याच गौरीला माझा पहिला ओवसा. नव्या सुनेने फळंफुलं भरलेलं सूप गौरीपुढे ओवसायचं, मग ते सासूच्या हातात द्यायचं. सासूबाईंनी सुपं स्वतः निवडून आणलेली. सगळ्या वाडीत सांगत फिरल्या होत्या.

आणि मी काय केलं? आदल्या दिवशी, खेळ हातात असतानाच म्हणाले — मला कावळा शिवला.

खोटं. साफ खोटं! पण डोकं बघ ना — विटाळातली वस्तू आता कोण घेणार? पाणी शिंपडून शुद्ध करावी तर मशीन बिघडणार. मागच्या पडवीत मी, आयतं ताट आणि खेळ माझा एकटीचा. आत गौरीची आरती, बाहेर माझ्या उड्या. नऊशे नव्याण्णव झाले! पुढे आकडाच मावेना, पुन्हा शून्यापासून सुरू. दीर दारातूनच ओरडला, "मशिनीक हरयलंस गो वैनी!" आजही आठवलं की मान ताठ होते — लपवू कशाला?

सासूबाई लांब उभ्या राहून म्हणाल्या, "आसांदे गो बाये, फुडल्या वर्सा करूया ओवसो." मला वाटलेलं, चिडतील. त्या माझीच समजूत काढत होत्या. मी रडल्यासारखं केलं — आणि त्या वळल्याबरोबर बोट बटणावर.

शिमग्याआधीच सासूबाई गेल्या.

माझा ओवसा पुढे झाला. सूप चुलतसासूच्या हातात दिलं. सासूबाईंना ते माझ्या हातून घ्यायचं होतं, आणि तेव्हा मी धडधाकट पडवीत बसले होते.