तांब्याच्या पाण्यावरची मोहरी

भोकरदनच्या बाजारात पेंड घेत होतो. दुकानदार म्हणाला, "तुमचे गणपतराव गेले." मी विचारलं, "कुठं?" त्यानं मान खाली घातली, तेव्हा समजलं...

मी शिकलो चौथीपर्यंत. तरी गणपत तांबटावर दुसऱ्या कुणी चुकीचं लिहावं, त्यापेक्षा मीच लिहितो.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. नवरात्रात गणपतच्या घरच्या घटाला दरसाल आमच्या शेतातली माती जायची. गणपतचं नुकतंच लग्न झाल्तं, अंगात रग होती. म्हणाला, "रंग्या, तुझी माती तुलाच ठेव. आमच्या परसात काय कमी हाय?" परसात बापजाद्यांपासून तांब्याची भांडी तेजाबानं धुतलेलं निळं पाणी फेकलेलं! ती माती त्यानं घटाला घातली, नव्या सुनेनं धान पेरलं. गहू, ज्वारी बोटभर आली अन् करपून आडवी पडली. त्याची माय म्हणाली, "सुनेचा हातच बराबर न्हाई. दसरा झाला की माहेरी धाडते." वहिनी रडून रडून अर्धी झाली.

गणपत माझ्याकडं आला. "थोडी माती दे."

"आधी कबूल कर, तुझी माती खराब हाय."

"खराब बिलकुल न्हाई. जरा तेज हाय."

शेवटी दिली. त्यानं मायसमोर दोन गाडगी मांडली. माझ्या मातीत बायकोच्या हातानं पेरलं, परसातल्या मातीत स्वतःच्या. दसऱ्यापर्यंत वहिनीचं गाडगं हिरवंगार, त्याचं उजाड. हात जोडून म्हणतो, "माय, हात माझाच वाईट हाय."

माय म्हणाली, "मंग तुला कोणत्या माहेरी धाडू रे?"

लग्न झाल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसली. माहेरची गोष्ट पुन्हा निघाली न्हाई.

त्या उजाड गाडग्यात धान्यातून मिसळून आलेल्या मोहरीचं एक रोप मात्र ताठ उभं होतं. ते पिकल्यावर त्याचं बी गणपतनं परसात टाकलं. दरसाल कितीक रोपं मरायची. जगतील त्यांचंच बी तो धरायचा. होता होता परस पिवळं झालं. "तांबं पोटात दाबून ठेवते, तोंडावर दाखवत न्हाई," असं कौतुकानं सांगायचा. वहिनीनं भाजीला पाला तोडला की ओरडायचा, "ठेव खाली! त्यात अख्खी घागर हाय!" माझ्या काळ्या रानात तेच बी खुरटलं, तर त्यानं गल्लीला पेढे वाटले.

परवा गेलो तेव्हा वहिनी परसात पिकल्या शेंगा वेचत होत्या. मी विचारलं, "वहिनी, माती खराब होती, हे त्यानं मरेपर्यंत कबूल केलं न्हाई ना?"

"तुमच्यापुढं न्हाई, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माझ्यापुढं दर दसऱ्याला करायचे... दार लावून."