जावळ येतंय, असं मी सांगितलं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, दिराला नाही. देवापुढं उभी राहिले तरी नाही — तिथं मी दुसरंच काहीतरी मागत बसायची. शाळा माझी चौथीपर्यंत. जमेल तसं लिहिते. तुम्ही वाचा.

छातीतल्या जळजळीची गोष्ट आहे. एवढ्याशा दुखण्यात लपवण्यासारखं काय असणार, असं वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. नाही — खोटं कशाला बोलू? तसं वाटलं नव्हतं.

सगुणा माझी धाकटी जाऊ. तिचं माहेर उत्रोलीचं, भोरला लागून. आमची वाडी वेल्ह्याच्या डोंगरात. भोर संस्थान मोडून फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. सासू वारलेली, घर माझ्या हातात. दीर भाटघरला धरणावर कामाला, सणावाराला यायचा. सगुणा पहिलटकरीण. सहावा लागला आणि तिला जळायला लागलं. जेवली की घशाशी आंबट यायचं. आडवी झाली की पुन्हा उठून बसायची, छातीवर मूठ दाबून.

आमच्याकडं याचा अर्थ ठरलेला. गरोदर बाईला जळजळलं की पोटातल्या पोराला जावळ दाट. केस टोचतात म्हणून जळतं. पाणवठ्यावर बायका तिची चेष्टा करायच्या. "सगुणे, न्हाव्याचा वस्तरा मोडतोय बघ तुझ्या पोराच्या डोक्यावर!" ती हसायची, आणि हसता हसता करपट ढेकर आली की पदर तोंडाला लावायची.

मलाही जळलं होतं माझ्या वेळी. माझ्या पोराला जावळ होतंही दाट. ते काढायच्या आत पोर गेलं. पुन्हा कूस उजवली नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. घरात काय होतं ते कळावं म्हणून सांगते.

एकदा भोरच्या बाजाराला गाडी निघाली, तेव्हा तिला दवाखान्यात दाखवायला नेलं. तेव्हाची रीत अशी, की धाकटीनं डॉक्टरपुढं तोंड उघडायचं नाही. थोरलीनं सांगायचं आणि थोरलीनं ऐकायचं. डॉक्टरांनी तिला तपासून बाहेर बसवलं आणि काय ते मला सांगितलं. साध्या भाषेत सांगितलं. पोर वाढतं, पोट वर रेटलं जातं, मग आतलं आंबट वर येतं. एकदम पोटभर जेवू देऊ नका, थोडं थोडं द्या. तिखट, तेलकट, चहा कमी. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. निजताना डोक्याखाली उंच काहीतरी घ्यायचं. गार दूध द्या. वाकायचं काम देऊ नका — वाकलं की जास्त जळतं.

एवढं सांगून ते थांबले. मग म्हणाले, हे झालं जळजळीचं. पण अंगावर, तोंडावर सूज आली, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि बरगडीखाली दुखायला लागलं — तर ती जळजळ समजू नका. त्याच दिवशी गाडीत घालून आणा. जिवावरचं असतं ते. कळलं का, बाई?

कळलं, म्हटलं. आणि कळलं होतं.

सगुणा पायरीवर बसली होती. "काय म्हणलं, आक्का?"

"काय न्हाई. जावळ येतंय म्हणलं."

का म्हटलं असं मी? किती वर्षं स्वतःला विचारते. मत्सर होता का? होता. पण त्याहून साधं कारण होतं. पुढं भाताची लावणी होती. लावणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकणं. हिला वाकू द्यायचं नाही म्हणजे हिच्या वाटणीचं मी वाकायचं. मी पोटुशी असताना लावणी केली होती, छाती जळत असताना केली होती. मला कुणी बसवलं होतं? मग हिनं का बसायचं? दूधही तसंच. एकच म्हैस दुधावर होती, आणि दुधाची चरवी माझ्या हातात होती. तिला दूध दिलं नाही. चुन्याची निवळी दिली. जळजळीवर ती आमच्याकडं सगळेच घेतात. आणि वर ताटात भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा, रोजच्यासारखा.

सातव्यात तिचा बाप गाडी घेऊन आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. मी त्याला गूळपाणी दिलं आणि म्हटलं, "मामा, लावणी उरकू द्या. मग न्या तुमची लेक. हितं काय ती उपाशी हाय व्हय?" तो भला माणूस. मोकळी गाडी घेऊन परत गेला. सगुणा दारात उभी राहून गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होती. उत्रोलीहून भोरचा दवाखाना चालत जाण्यासारखा — हे मला तेव्हाही माहीत होतं.

लावणीत ती माझ्या शेजारी असायची. अंगावर पावसाचं इरलं, पोट गुडघ्यांच्या मधे. थोडी रोपं लावली की उभी राहायची, थुंकायची, पुन्हा वाकायची. कधी कुरकुरली नाही. जावळ येतंय म्हणून आनंदात होती ती. पोराच्या जावळाला मामाच्या मांडीवर बसवायचं, कुठल्या देवाला जायचं — वाकल्या वाकल्या हेच बोलायची.

नववा लागला आणि तिची जोडवी बोटांत रुतली. तोंड सुजलं. बायका म्हणाल्या, पोरगी अंगानं भरली. ती म्हणाली, डोकं फुटतंय. मग एका सकाळी चुलीपुढून उठली, बरगडीखाली हात धरला आणि म्हणाली, "आक्का, आजची जळजळ न्यारीच हाय गं."

डॉक्टरांचा शब्द न् शब्द मला आठवला. विसरले असते तर आज हे लिहायला बसलेच नसते.

गाडी दारात होती. बैल गोठ्यात होते. नवरा घरी होता. मी नुसतं 'जुंपा' म्हणायचा अवकाश होता. पण भोरला गेलं की डॉक्टर तिच्यादेखत विचारणार — बाई, तुम्हाला बजावलं होतं ना? वाकू देऊ नका म्हटलं होतं ना? आणि ती माझ्याकडं बघणार. त्या बघण्याला मी भ्याले. एका जित्या जिवापेक्षा मला ते बघणं जड वाटलं. मी तिला चुन्याची निवळी दिली आणि म्हटलं, "पड जरा. जावळच हाय ते."

दुपारी तिला झटके आले. दातखीळ बसली. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, अंगारा लावा. लोकांनी लावला. मी बाजूला उभी होते. तेव्हाही बोलले नाही. सुईणीनं पोर सोडवलं. मुलगी. जिवंत. बैल जुंपायच्या आत सगुणा गेली.

सुईणीनं पोर माझ्या हातात दिलं. डोकं तळहातासारखं गुळगुळीत. एक केस नव्हता.

त्या पोरीला, शेवंताला, मीच वाढवलं. तिच्या जावळाला थोडीशी लव होती, तीच काढली. उत्रोलीहून तिचा मामा, सगुणाचा भाऊ, आला होता. माझ्या पाया पडला, म्हणाला, बहिणीचं पोर तुमच्यामुळं जगलं. मी पाया पडू दिलं.

मग तीही मोठी झाली, तिला दिवस गेले, आणि एके दुपारी माझ्याजवळ येऊन बसली — छातीवर मूठ दाबून. मी तिला सगळं सांगितलं. थोडं थोडं खा. तिखट नको. वाकू नकोस. डोक्याखाली उंच घे. आणि सूज, डोकं, अंधारी, बरगडी — हे सगळं दोनदा सांगून तिच्याकडून वदवून घेतलं. ती हसली. "एवढं कुणी शिकवलं गं तुला, मोठे आई?"

"भोरच्या डॉक्टरनं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मग माझ्या आईला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"तवा कुणाला ठावं हुतं, पोरी," मी म्हटलं.

तिला ते पटलं. डोक्याखाली घ्यायला जवळ उंच काही नव्हतं, म्हणून तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी ठेवू दिलं.